गावच्या घरात म्हाताऱ्या आईसाठी बदल करायचे आहेत. ठेकेदाराला निम्मे पैसे आधी द्यावेत का?

निम्मे पैसे आधी देऊ नका. त्यानं सांगितलेलं एकरकमी काम आहे तसं कबूलही करू नका. त्याच्या मनात खोट असेलच असं नाही, पण तुम्ही लिहिलेल्या यादीत तुमच्या आईच्या उपयोगाचं काम थोडं आहे आणि घर नवं दिसावं म्हणून धरलेलं काम जास्त.

तुम्ही लिहिलंय की आई ७४ वर्षांची आहे, दारव्हा तालुक्यातल्या गावी एकटी राहते. दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते. मागच्या पावसाळ्यात सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या वाडीतल्या, संडासाच्या पायरीवरून घसरली. तुम्ही पुण्याला. ठेकेदार म्हणतो समोर रॅम्प करू, इंग्लिश संडास बसवू, सगळ्या घराला टाइल्स लावू, इतके इतके लागतील, अर्धे आधी द्या.

माझं वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे. आसपासच्या खेड्यांतले मिस्त्री, ठेकेदार, घरमालक रोज काउंटरवर असतात. माझ्या वडिलांना उजव्या बाजूचा लकवा झाला, तेव्हा आमच्या गावच्या मातीच्या घरात हेच सगळं करावं लागलं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे पाहिलंय ते सांगतो.

पहिलं काम ठेकेदार शोधायचं नाही. सुट्टी काढून गावी या आणि आईसोबत दोन दिवस नुसते राहा. ती कुठे कशाला धरते ते बघा. भिंतीवर, चौकटीवर, खांबावर तिच्या हातानं काळपट, तेलकट डाग पडलेले असतील. आधाराचा दांडा कुठे हवा ते त्या डागांवरून कळतं. रात्री ती लघवीला उठते तेव्हा तिच्या मागून चालत जा. बाजेवरून उठताना कोणता हात टेकते, दिव्याचं बटण कुठे आहे, उंबरठ्यावर पाय अडतो का, सांदवाडीत उतरताना काठी कुठे ठेवते, सगळं लक्षात घ्या. रात्री संडास-न्हाणीच्या वाटेवर म्हातारं माणूस पडायची भीती मोठी असते. म्हणून कामाचा क्रम मी असा सांगेन: आधी संडास-न्हाणी, मग पलंगापासून तिथपर्यंतची वाट, मग समोरच्या पायऱ्या. बैठकीतल्या टाइल्स यात येतच नाहीत.

जमलं तर एकदा आईला फिजिओथेरपीवाल्यांना दाखवा. सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळच्या मेडिकलला नेता येईल. कोणता पाय जास्त कमजोर आहे, पुढे वॉकर लागणार का, हे त्यांच्याकडून कळलं की दांडा डाव्या बाजूला की उजव्या, दार किती रुंद, हे प्रश्न आपोआप सुटतात. बाबूजींचा उजवा हात चालत नव्हता, त्यामुळे उजवीकडचा दांडा त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. आमच्या मिस्त्रीनं काम सुरू करण्याआधी प्लास्टिकचं स्टूल मांडलं आणि म्हणाला, "काकाजी, तुमी बसून उठून दाखवा बरं एकदा." बाबूजी उठताना हात जिथे गेला तिथे त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. मी तेव्हाच ठरवलं की माणूस हाच.

आता संडासाचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात.

गावात योजनेतून बांधलेले संडास साधारण तीन बाय चार फुटांचे असतात. जोतं उंच, दोन-तीन पायऱ्या आणि दार आत उघडणारं. त्यात कमोड बसवला तर समोर गुडघे ठेवायलाही जागा उरत नाही. आणि आत माणूस पडलं तर त्याच्याच अंगानं दार अडतं, बाहेरच्याला उघडता येत नाही. म्हणून जागा असेल तर आई झोपते त्या खोलीला लागून, मागच्या छपरीत, नवीन संडास-न्हाणी एकत्र काढा. आतून किमान पाच बाय सात फूट ठेवा. पुढे कधी चाकाची खुर्ची आली तर ती वळायला पाच फुटांची मोकळी जागा लागते. चौकट तीन फुटांची घ्या. दार बाहेर उघडणारं हवं आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. उंबरठा नको. पाणी बाहेर येऊ नये म्हणून फरशीलाच आतल्या बाजूला उतार द्यायचा.

कमोड घेताना दुकानदाराला आधी मापाचं विचारा. मैल्याचा पाइप जमिनीतून जात असेल तर मागच्या भिंतीपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे, त्यावर कमोड ठरतो. ४ इंची, ९ इंची, १२ इंची असे वेगवेगळे येतात. माप न घेता आणलेला कमोड परत घेऊन येणारे माझ्याकडे नेहमी असतात. भिंतीतून पाइप जाणार असेल तर प्रकारच वेगळा.

मग उंची. साधा कमोड पंधरा-सोळा इंच उंच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो खोल पडतो, अठरा इंचांच्या आसपास बसकं असलं की उठणं सोपं जातं. आईला चपला घालून खुर्चीवर बसवा, गुडघ्याच्या मागच्या वाकापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्याहून इंचभर वर धरा. इथे मिस्त्री एक गोष्ट हमखास करतात: कमोड उंच हवा म्हटलं की तिथली सगळी फरशीच उचलतात. मग पायही तेवढेच वर येतात आणि उंची होती तिथेच राहते. ओटा फक्त कमोडच्या बुडाएवढा हवा, पाय जुन्याच पातळीवर. हे कागदावर काढून द्या.

फ्लशची टाकी बसवणार असाल तर दोन बटणांची घ्या, एक तीन लिटरचं आणि एक सहाचं. गावात नळ रोज येतोच असं नाही. आणि शोषखड्डा असेल तर काळ्या मातीत पाणी हळू जिरतं, पावसाळ्यात तर फारच हळू. खड्डा नवीन खोदायचा असेल तर विहिरीपासून, हातपंपापासून किमान १० मीटर लांब ठेवा आणि खड्ड्याच्या भोवती रेतीचा थर भरायला लावा.

दांड्याबद्दल हात जोडून सांगतो, टॉवेलची दांडी लावू देऊ नका. दिसायला तसंच असतं, किंमत कमी असते, मिस्त्रीकडे स्क्रू तयार असतात, म्हणून तीच लागते. तिच्यावर कपडा राहतो, माणूस राहत नाही. दीड इंच जाडीचा पाइप हवा, भिंतीपासून दोन इंच मोकळा, म्हणजे मूठ पूर्ण बसते. स्टीलचा घेतलात तर ३०४ ग्रेडचा घ्या, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हलकं स्टील लवकर गंजतं. आडवा दांडा बसक्यापासून आठेक इंच वर. भिंत पक्क्या विटांची असेल तर चांगला फास्टनर धरतो. मातीच्या भिंतीत काहीच धरत नाही, कितीही सिमेंट भरलं तरी. तिथे पाइप जमिनीतून उभा करून फूटभर काँक्रीटमध्ये गाडायचा. काम झालं की सगळ्यात धिप्पाड मजुराला त्यावर पूर्ण अंगानं लोंबकळायला सांगा. दांडा हलला तर पैसे थांबवा.

न्हाणीत बादलीसाठी दीड फूट उंचीचा ओटा करा म्हणजे वाकावं लागत नाही. आंघोळीला पाठीची खुर्ची. गरम पाणी चुलीवरून आणायची सवय असेल तर ती वाट आधी बंद करा, उकळत्या पाण्याची बादली आणि काठी दोन्ही एका बाईला झेपत नाही. गिझर नाही तर निदान बंबाची जागा न्हाणीलगत असू द्या.

फरशी चकचकीत नको. ठेकेदार व्हिट्रिफाइड दाखवेल, दुकानात ती सुंदर दिसते. तुम्ही दुकानातच टाइलवर पाणी आणि थोडं साबण टाका आणि अनवाणी पाय घासून बघा. दुकानदारानं करू दिलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. बिनपॉलिशची कोटा फरशी चालते, खरबरीत अँटी-स्किड टाइल चालते. आईला मोतीबिंदू असेल तर फरशी आणि कमोड एकाच पांढऱ्या रंगाचे ठेवू नका, बसकं कुठे सुरू होतं तेच दिसत नाही.

आता रॅम्प. तुमच्या घराचं जोतं दोन फूट आहे आणि ठेकेदार आठ फुटांचा रॅम्प म्हणतोय. तो मोटारसायकल आत घ्यायचा उतार झाला. गावात बहुतेक रॅम्प त्याच मापाचे होतात, कारण मिस्त्रीला तेच माहीत असतं. चाकाच्या खुर्चीसाठी नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे तुमच्याकडे चोवीस फूट. अंगण तेवढं आहे का? नसेल तर मध्ये वळण घ्यावं लागतं, आणि वळणावर पाच बाय पाच फूट सपाट जागा सोडावी लागते. रस्त्याकडे आलं तर ग्रामपंचायतीत आधी विचारा, नाहीतर उद्या नाली काढताना तोच पहिला फुटेल.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर आई आज काठीनं चालते आहे तोवर रॅम्प नकोच. गुडघे दुखणाऱ्या, काठीनं चालणाऱ्या काही जणांना उतारावरून खाली येणं पायऱ्यांपेक्षा जड जातं. त्याऐवजी बुटक्या पायऱ्या करा. चोवीस इंचांच्या पाच केल्या तर एकेक पाच इंचांहूनही कमी उंच होते. प्रत्येक पायरी दीड फूट रुंद ठेवा म्हणजे दोन्ही पाय आणि काठी एकाच पायरीवर मावतात. सगळ्यांची उंची अगदी सारखी हवी, एक जरी वरखाली झाली तरी पाय फसतो. कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. दोन्ही बाजूंना कठडा, शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर जाणारा. तो लोखंडी किंवा स्टीलचा असेल तर मे महिन्यात आपल्या उन्हात त्याला हात लावता येत नाही, हे पुण्यात बसून लक्षात येत नाही. वरून पत्र्याची सावली काढा, नाहीतर पकडीच्या जागी सुतळी घट्ट गुंडाळून घ्या. बाजूला पुढे कधी रॅम्प काढता येईल एवढी जागा मात्र मोकळी सोडा.

पायऱ्या करा की रॅम्प, खाली काळी माती असेल तर काम पायाभरणीतच बिघडतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांत हात जातो. तिच्यावर नुसती गिट्टी टाकून केलेलं काँक्रीट दुसऱ्या वर्षी घरापासून सुटतं आणि नेमकं दारापाशी दोन बोटांची फट पडते. काठीचं टोक तिथेच अडकतं. काळी माती दोन-तीन फूट काढून टाकायची, मुरूम थराथरानं भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट दाबायचं. घराच्या जोत्याला ते जोडायचं नाही, मध्ये सांधा ठेवून डांबर भरायचं. हे काम मातीखाली जातं, नंतर दिसत नाही, म्हणून खड्डा बुजवायच्या आधी मोबाइलवर फोटो मागवा, टेप लावून काढलेला.

माणूस कोणता घ्यायचा, हा तुमचा मूळ प्रश्न. एवढ्याशा कामाला मोठा ठेकेदार घेऊ नका. त्याची दोन स्लॅबची कामं सुरू असतात, तुमच्याकडे उरलेले मजूर येतात, मध्येच गायब होतात. स्वतः थापी हातात धरणारा मिस्त्री बघा, जवळच्याच गावचा, ज्याला उद्या त्याच रस्त्यानं जायचं आहे. त्यानं केलेली न्हाणी बघायला जा, पण एक पावसाळा झालेली. पाणी कुठे साचतं, भिंतीला ओल आहे का, ते घरच्या बाईला विचारा. आणि तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याला विचारा की हा माणूस उधारी वेळेवर देतो का आणि काम अर्धवट टाकतो का. आम्हाला ते माहीत असतं, आणि सरळ विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

व्यवहार मजुरीचा करा, माल तुमचा. हजेरीवर दिलं तर काम लांबतं, सगळंच ठेक्यानं दिलं तर माल हलका येतो. प्रत्येक कामाची मजुरी वेगळी लिहून घ्या: तोडणं, भिंत, फरशी, प्लंबिंग, पायऱ्या. माल थेट दुकानातून, बिल तुमच्या नावावर, पैसे तुम्ही दुकानदाराला पाठवा. टाइल्स आणि सॅनिटरीत मिस्त्रीला दुकानाकडून कमिशन मिळायचा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून कोणता कमोड, कोणता नळ, कोणती टाइल हे नावानिशी यादीत तुम्हीच लिहा. रेती, गिट्टी ब्रासनं (शंभर घनफुटांच्या मापानं) येते, ट्रॉली खाली होताना कोणीतरी मोजून घ्या.

मजुरी टप्प्यानं द्या. सुरुवातीला दहा टक्के पुरे, आधी माल येऊन पडला पाहिजे. भिंती झाल्या की काही, फरशी आणि पाइप झाले की काही. पाणी ओतून उतार तपासल्यावर आणि दांडा ओढून पाहिल्यावर आणखी काही. शेवटचे दहा-पंधरा टक्के पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर. चांगला मिस्त्री यावर कुरकुर करेल पण मान्य करेल. जो अजिबात मान्य करत नाही त्याला नमस्कार करा.

वेळ संक्रांतीपासून होळीपर्यंतची धरा. पेरणीत आणि कापसाच्या वेचणीत मजूर मिळत नाहीत. पावसाळ्यात रेतीचे घाट बंद असतात, रेती महाग आणि मातीमिश्रित येते. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, गावात पाणी नसतं आणि सिमेंटच्या कामाला पाण्याची तराई किमान दहा दिवस लागते. आपल्या उन्हात वर बारदाना टाकून तो सतत ओला ठेवावा लागतो. पाणी कोण मारणार हेही आधीच ठरवा. मिस्त्री म्हणतो घरचे मारतील, घरी तर गुडघे दुखणारी एकटी आई आहे.

त्यावरून दोन गोष्टी. जुना संडास नवा सुरू होईपर्यंत तोडू देऊ नका. तोच बदलायचा असेल तर तेवढ्या दिवसांसाठी कमोड खुर्ची आणून ठेवा. आणि देखरेखीला गावातला एखादा भाचा, शेजारी, पोष्टातला ओळखीचा, कोणीतरी रोज संध्याकाळी चक्कर मारणारा ठरवा. पैशाचा हिशोब आईवर टाकू नका. पण कुठे काय बसवायचं हे मात्र तिला विचारल्याशिवाय होऊ देऊ नका. "कशाला एवढा खर्च, माझे किती दिवस राहिले" असं ती म्हणेल. तेव्हा वाद घालू नका, तिला खर्च सांगूही नका, फक्त विचारा की माय, दांडा इथे बरा की तिथे. तिची पेटी, तिची चूल, तुळशीचं वृंदावन हलवावं लागत असेल तर ती हो म्हणेपर्यंत थांबा. घर तिचं आहे, ती त्यात अंधारातही हात न चाचपडता वावरते, आणि आपण सोय म्हणून वस्तू इकडच्या तिकडे केल्या की तेच हरवतं.

घर मातीचं असेल तर दार रुंद करायला भिंत फोडण्याआधी छताला टेकू लावून घ्या. हे काम जुन्या घरांची सवय असलेल्या माणसाकडूनच करा. बाज खोलगट आणि बुटकी असते, तिच्याऐवजी अठरा इंच उंचीचा कडक पलंग द्या, याला मिस्त्री लागत नाही आणि फरक पहिल्याच रात्री दिसतो. पलंगाजवळ हाताला येईल असं बटण आणि वाटेवर लाइट गेल्यावरही चालणारा चार्जिंगचा बल्ब लावा.

पैशाला थोडा आधार हवा असेल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना बघा. ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी. बांधकामाला ते नाहीत. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा, मध्ये कोणाला पैसे देऊ नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

गावी गेलात की तीन मापं घेऊन इथे खाली लिहा: जोत्याची टेप लावून नेमकी उंची, मागच्या छपरीची लांबी-रुंदी, आणि आईच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप. भिंत कशाची आहे तेही लिहा. कोणता कमोड, कोणता दांडा, किती माल लागेल, याची यादी मी करून देतो, माल तुम्ही दारव्ह्यालाच घ्या.